जित्या माशाची विहीर

पूर ओसरला त्या सकाळी वेणू घरात न शिरता आधी विहिरीवर गेली. घराच्या कुडाची एक बाजू नदीने नेली होती, चूल विरघळून गेली होती, चार कोंबड्यांपैकी एकीचाही पत्ता नव्हता. ते सगळं तिने नंतरसाठी ठेवलं. सगळी वाडी रात्रभर शाळेत बसून होती आणि शाळेत वाटलेल्या खिचडीतली मूठभर वेणूने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. विहिरीच्या काठाला पोट टेकून ती वाकली आणि चार शितं पाण्यात टाकली.

पाणी काठोकाठ चढलेलं, दुधाच्या चहासारखं. त्यावर पेंढा तरंगत होता, एक चप्पल होती, कुणाच्या तरी दारावरचं प्लास्टिकचं तोरण होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग शितांपाशी पाणी हललं, मिशा दिसल्या, आणि एक शिंगटी शीत गिळून खाली गेली.

"हाय गो, हाय!" वेणूने मागे वळून हाक दिली. "जिता हाय मासा! भरा पानी!"

मागे हंडे घेऊन खोळंबलेल्या बाया पुढे सरकल्या.

वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजचा रस्ता आणि काळू नदी यांच्या बेचक्यात ही भोकराची वाडी. बावीस घरं, सगळी कातकऱ्यांची. जमीन कुणाच्या नावावर नाही. पावसाळ्यात गावातल्या शेतकऱ्यांची भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायची, दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचं, आणि मधल्या दिवसांत नदी होतीच. दरसाल पाऊस सरला की वाडीतल्या बाया फडक्यात बारीक मासे धरून आणायच्या आणि विहिरीत सोडायच्या. मासा फिरताना दिसला की पाणी पिण्याजोगं. मासा उताणा झाला की हंडे उपडे.

ह्याला अडाणीपणा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही, कारण ही परीक्षा एकदा खरी ठरली होती. आठ-दहा वर्षांमागे बाहेरच्या कुणी माणसांनी नदीच्या डोहात पांढरी पावडर ओतली. डोहभर मासे उताणे पडले, ते त्यांनी गोणीत भरून नेले. मागून वाडीतल्या बारकीच्या दोन शेळ्या डोहावर पाणी प्यायल्या आणि तिथेच पाय झाडून मेल्या. त्या दिवशी वेणूने वाडीतल्या एकालाही नदीचा घोट घेऊ दिला नाही. विहिरीतला मासा बघितला आणि सगळ्यांना विहिरीवर धाडलं. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत वेणूचा शब्द शेवटचा.

तिच्या घरात माणसं चार. नवरा सुक्या, पावसाळाभर खोकणारा. मुलगा भरत. आणि भरतची बायको प्रमिला, तानशाकडची, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली, पहिलटकरीण, आठव्या महिन्यातली. पुराच्या रात्री भरतने तिला पाठुंगळी घेऊन शाळेत नेलं होतं आणि वेणू मागून ओरडत गेली होती, "सांबाल रे, पोटावर दाबू नको!" वेणूची स्वतःची पाच बाळंतपणं झाली, त्यातला एकटा भरत हाती लागला. ह्या खेपेला घरात मूल रांगताना बघायचं, एवढंच तिचं देवाकडे मागणं उरलं होतं.

वाडीच्या वरच्या अंगाला सरकारने बांधून दिलेले सात संडास होते. पुराने त्यांचे खड्डे भरले आणि उतू गेले. ती घाण कुठे गेली हे कुणी पाहिलं नाही. उतार मात्र विहिरीकडे होता.

तिसऱ्या दिवशी सगळी कामावर गेली. गावातल्या दिपेशची आवणी पुराने धुऊन नेली होती, ती पुन्हा करायची होती. घर पडलं म्हणून पोट थांबत नाही, आणि दिपेशचं भात तरी किती दिवस थांबणार? बाया पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून वाकल्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या, त्यात पाणी गेलं की आग व्हायची. प्रमिलाला वाकता येत नव्हतं म्हणून ती बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडवून देत होती.

बारकी चौथ्यांदा चिखलातून उठून पोट धरून बांधापलीकडे गेली, तेव्हा दिपेश म्हणाला, "बारके, कामाला आलीस का हागायला? रोज कशाचा देऊ तुला?"

पुरुष हसले. बारकी परत आली, तोंड उतरलेलं. "पोटात काय ऱ्हात नाय रे दादा," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. साठीची बाई, पण रोज बुडवून घरी बसण्याची ऐपत नव्हती.

"पुराचा बाधला असंल," वेणू म्हणाली. "आंबाडीचा पाला शिजवून खा."

"आये, पानी उकलून प्यावा का?" बांधावरून प्रमिलाने विचारलं.

"लाकडा कुठं हाय सुकी? भाताला नायत, पान्याला कुठून आनू?"

हेही खरंच होतं. प्रमिलाने पुढची मूठ सोडवायला घेतली.

त्या आठवड्यात एका संस्थेची संघरत्ना वाडीत आली. शेणव्याची मुलगी, तिशीतली, स्कूटीवरून यायची, रेनकोटच्या खाली गळ्यात ओळखपत्र. पूर आलेल्या वाड्यांना तिची संस्था वस्तू वाटत नव्हती, पैसे देत होती. शाळेच्या ओट्यावर तिने घरटी एका बाईला बोलावून हातात पाकीट दिलं आणि अंगठा घेतला.

"हे पैसे पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठी हायत," तिने सांगितलं. "झाकणाचं पिंप घ्या, साबण घ्या, पाण्यात टाकायचं औषध घ्या, संडास नीट करा. तुमच्या घराला काय लागतं ते तुम्हालाच ठाऊक. मी पावती मागणार नाय. महिन्याने येऊन फक्त विचारीन, काय घेतलं म्हणून."

"आनी तांदूल घेतला त?" बारकी म्हणाली.

"तर तांदूळ घेतला म्हणून सांगायचं. कुणी रागावणार नाय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आजवर वाडीत जे आलं ते दुसऱ्याच्या पसंतीने आलं. एका वर्षी कुणी सगळ्यांना ब्लँकेटं दिली, तीही मे महिन्यात. आपल्या मर्जीने खर्चायचा पैसा हातात पडला की माणसाची पाठ जरा ताठ होते. वेणूने पाकीट कपाळाला लावून चोळीत ठेवलं.

नमुना म्हणून संघरत्नाने एक पिंप आणलं होतं, निळं, वर झाकण, खाली तोटी. प्रमिला पुढे झाली आणि तिने तोटी फिरवून पाहिली.

"ह्याच्यात हात बुडवाया नको, आये," ती सासूला म्हणाली. "आमच्या आश्रमशालेत आसाच व्हता. वरून दवा टाकायचं, खालून ग्लास लावायचा."

"घेऊ," वेणू म्हणाली. "शुक्रवारच्या बाजाराला जाऊ नि घेऊ." आणि हे ती मनापासून म्हणाली होती.

शुक्रवार यायच्या आधी पंचायतीकडून एक माणूस आला. पूर आलेल्या प्रत्येक विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडर टाकायचं काम त्याच्याकडे होतं आणि दिवसभरात अशा नऊ विहिरी त्याला उरकायच्या होत्या. वाडी आवणीला गेलेली. घरात एकटा सुक्या खोकत पडलेला. माणसाने बादलीत पावडर कालवली, विहिरीत ओतली, कठड्यावर खडूने तारीख लिहिली, "दवा टाकलाय हो बाबा," असं सुक्याला ओरडून सांगितलं आणि तो पुढच्या वाडीला गेला. सुक्या म्हणाला "बरा," आणि कुशीवर वळला.

सकाळी पाण्याला पहिली वेणूच गेली. विहिरीत मासे पांढरी पोटं वर करून पसरले होते. मोठी शिंगटी कठड्यालगत तोंड उघडं टाकून होती. वेणूच्या हातातला हंडा खाली पडला, त्याच्या आवाजाने बाया धावत आल्या.

बारकी कशीबशी भिंत धरत आली. वाकली, वास घेतला आणि मटकन खाली बसली.

"तोच," ती म्हणाली. "डोहाचाच वास. माज्या शेल्या मेल्या ना, त्यांच्या तोंडाला हाच वास येत व्हता गो."

"कुनी टाकला? कोन आला व्हता?" वेणू किंचाळली. घरातून सुक्याने सांगितलं तसा त्याला बायकोच्या शिव्यांचा आहेर मिळाला. खोकल्याच्या माणसाला जेवढ्या द्याव्या त्याहून चार जास्तच.

प्रमिला मागे उभी होती. "आये," ती हळू म्हणाली, "हे विष नाय. हे दवाच हाय. आश्रमशालेत आमी हेच पीत व्हतो. वास येतो, पन काय व्हत नाय."

"तिथं पान्यात मासा व्हता का?"

"नाय. टाकी व्हती."

"मंग?" वेणू म्हणाली. "मासा असता त मेलाच असता. तुमाला कोन सांगनार व्हता?"

प्रमिलाने विहिरीकडे पाहिलं. इतके मासे डोळ्यांसमोर मेलेले असताना आठवी शिकलेल्या पोरीचं कोण ऐकणार, आणि खरं सांगायचं तर तिचा स्वतःचाही धीर सुटत चालला होता.

दोन दिवस वाडीने नदीकाठच्या वाळूत डवरा, म्हणजे झऱ्याचा खड्डा, खणून वाटीवाटीने पाणी भरलं. एक हंडा भरायला एक बाई अर्धा प्रहर बसायची. तिसऱ्या दिवशी वेणूने बायांना गोळा केलं.

"इहीर उपसायची," ती म्हणाली. "तलापातूर. त्यो दवा सगला भायेर काडायचा. मंग नवा पानी येईल, नवा मासा सोडू. दिपेशकडं डिझेलचा पंप हाय."

"भाडा?" एकीने विचारलं.

वेणूने चोळीतलं पाकीट काढून समोर ठेवलं. "पान्यासाठीच दिलंय ना? याच्याहून मोठा पान्याचा काम कुठला?"

पाकिटं निघाली. कुणी पूर्ण दिलं, कुणी अर्धं. प्रमिला दारात उभी राहून बघत होती. "आये, पिंपाचा?" तिने विचारलं.

"पिंपात भरशील काय, ह्या इहिरीतला इख?" वेणू म्हणाली. मग पोरीचा चेहरा पाहून तिचाच आवाज खाली आला. "तुज्यासाठीच करतेय गो. त्या पोटातल्यासाठी. पिंप काय, कदी बी घेऊ."

दिपेशने भाडं घेतलं, डिझेलचे वेगळे घेतले, आणि वर दोन दिवसांची आवणी फुकट करून घ्यायची ठरवली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. वेणूने मान डोलावली.

सकाळपासून पंप धडधडू लागला. पाणी नळीतून नदीकडे पडत होतं आणि त्या फेसाचा वास वाडीभर पसरला होता. विहिरीचा तळ दिसायला लागला तशी भरत आणि दोघे-तिघे कमरेला दोर बांधून खाली उतरले. घमेल्याने गाळ वर येऊ लागला. त्यात काचा निघाल्या, एक कुदळीचं पातं निघालं, कुणाची हरवलेली कळशी निघाली. बाया साखळी करून घमेली रिकामी करत होत्या. चिखलाने माखलेल्या, भिजलेल्या, पण कित्येक दिवसांनी मोठमोठ्याने बोलत होत्या. दुसऱ्याच्या रोजावर नाही, स्वतःच्या विहिरीवर त्या राबत होत्या.

दुपारी रस्त्यावर संघरत्नाची स्कूटी थांबली. पलीकडच्या वाडीला जाता जाता पंपाचा आवाज ऐकून ती उतरली होती.

"काय चाललंय, मावशी?"

"इहीर उपसताव," वेणूने कपाळावरचा चिखल मनगटाने पुसला. "कोन तरी येऊन दवा टाकून गेला. सगलं मासं मेलं. समदा पानी काडून टाकताव."

संघरत्नाने कठड्यापाशी टाकलेला मेलेल्या माशांचा ढीग पाहिला, कठड्यावरची खडूची तारीख पाहिली. काय झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं.

"मावशी, हे पैसे... पाकिटातले?"

"त्यातलंच. तूच बोल्लीस ना, तुमाला लागंल त्यावर खर्चा म्हनून?"

"हो," संघरत्ना म्हणाली. "मीच बोलले."

एवढं बोलून ती स्कूटीजवळ जाऊन उभी राहिली. तिथे ती किती वेळ उभी होती हे वेणूच्या ध्यानात राहिलं, कारण गाळाची तीन घमेली रिकामी झाली तरी ती गेली नव्हती. संघरत्नाच्या मनात काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिची आजी धोंडाबाई गावच्या विहिरीला हात लावू शकत नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीने प्यायचं. कुणी काय प्यावं, कुठलं प्यावं, हे दुसऱ्याने दरडावून सांगायचं, हे आजीच्या तोंडून ऐकत ती वाढली होती. ह्या कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं की पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा, आणि ते वाक्य तिला इतकं पटलं होतं की तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. आज ह्या चिखलात हसत राबणाऱ्या बायांना 'तुम्ही चुकताय' म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

"जपून उतरा खाली," एवढं ती म्हणाली आणि गेली.

रात्रीतून विहिरीला पाणी आलं. वरच्या अंगाच्या झऱ्यांतून आलं, भराभर आलं. संडासांचे भरलेले खड्डे त्याच अंगाला होते. विहीर रिकामी झाली तसं तिने मातीतलं सगळं आपल्याकडे ओढून घेतलं. दिसायला मात्र पाणी नितळ. बायांनी नदीतून नवे मासे आणून सोडले. दुसऱ्या दिवशी ते सळसळत फिरत होते. वेणूने पहिला हंडा भरला, घरी आणला आणि पहिला तांब्या सुनेला दिला.

"पी," ती म्हणाली. "कसा गोड लागतो बग."

प्रमिला प्यायली. तहानलेली होती, दुसराही तांब्या प्यायली.

पाचव्या दिवशी वाडीत सात घरांत जुलाब लागले. बारकी तशी आधीचीच होती, ती आता उठेनाशी झाली. सहाव्या दिवशी पहाटे प्रमिलाला लागले. ती घरामागे जाऊन आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा जाताना भिंतीला धरून उभीच राहिली. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, ओठ सुकून पांढरे पडले. वेणू तिला घोटघोट पाणी पाजत होती, त्याच विहिरीचं. जेवढं बाहेर जातंय तेवढं आत गेलं पाहिजे एवढं तिला ठाऊक होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी प्रमिलाने पोटावर हात ठेवला. "आये, ह्यो हालत नाय," ती म्हणाली.

वाडीतून रस्त्यापर्यंतची वाट पुराने खाल्ली होती, गाडी येत नव्हती. भरत आणि तिघांनी बांबूला ब्लँकेट बांधून झोळी केली. चिखलात पाय घसरत होते, झोळी हेलकावत होती, वेणू शेजारून चालत प्रमिलाचं डोकं धरत होती, सुक्या खोकत मागून येत होता. रस्त्यावर जीप मिळायला वेळ गेला. एक जीपवाला थांबला, आत डोकावला, वासाने नाक धरलं आणि "सीट खराब होईल," म्हणून निघून गेला. भरतने दगड उचलला होता, सुक्याने त्याचा हात धरला. दुसरा थांबला, त्याने एक शब्द न बोलता मागचा फाळका उघडून दिला.

सरकारी दवाखान्यात दोन्ही हातांना सलाइन लावलं. प्रमिला वाचली. मूल दुसऱ्या दिवशी बाहेर आलं, मुलगी होती. केस भरपूर, बोटांना नखं आलेली. रडली नाही. नर्सने फडक्यात गुंडाळून वेणूच्या हातात दिली तेव्हा वेणूला पहिलं जाणवलं ते वजन. आहे की, चांगली भरलेली आहे, असं तिला वाटलं आणि मग तिने तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

माधुरी नावाची ती नर्स वाईट नव्हती, दमलेली होती. त्या आठवड्यात तिच्याकडे अशा वाड्यांतून वीस-पंचवीस माणसं आली होती. "कुठलं पाणी पिता तुम्ही?" तिने विचारलं.

"इहिरीचा. चांगला हाय पानी," वेणू म्हणाली. "मासा जिता हाय त्यात."

शेजारच्या खाटेवरची बाई फिस्कन हसली. माधुरी हसली नाही. "आजी," ती म्हणाली, "मासा घाणीतच पोसतो. त्याला काय होतंय? घाणच खातो तो."

नदीवर जन्म गेला होता वेणूचा. मासा काय खातो हे त्या नर्सच्या आधी तिला माहीत होतं. माहीत असून, मासा घाण खातो आणि मासा जिता तर पाणी चांगलं, ह्या दोन गोष्टी तिने आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

भरत आणि सुक्याने मुलीला नदीकाठी पुरलं. वेणू घरी आली ती सरळ विहिरीवर गेली. मासे होते, चांगले अंग धरलेले. पाणी ती स्वतःही तेच प्यायली होती आणि तिला काहीच झालं नव्हतं. ह्या म्हाताऱ्या पोटाला काही झालं नाही, ह्याची तिला स्वतःची किळस आली. ती वाडीत कुणाशी बोलली नाही, आणि कुणी तिला काही बोललंही नाही. पाण्याला जाताना बाया आता तिला विचारत नव्हत्या. एकेक जण मुकाट्याने मैलभर लांबच्या, पुरानंतर नुकत्याच दुरुस्त झालेल्या हातपंपावर जात होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

महिना भरला आणि संघरत्ना आली. हातात मोबाइल, त्यात भरायचे प्रश्न. घरोघर जाऊन ती विचारत होती, पैशातून काय घेतलं. बायांनी सांगितलं, साबण, डबा, थोडे तांदूळ. पंपाचं नाव एकीनेही काढलं नाही. वेणूला वाचवण्यासाठी त्या खोटं बोलत होत्या, आणि संघरत्ना ते खोटं खाली मान घालून भरून घेत होती.

ती वेणूच्या दारात आली. प्रमिला आत पडून होती, वेणू ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मावशी, मला कळलं," संघरत्ना म्हणाली. "लई वाईट झालं."

"बस," वेणू म्हणाली. "काय इचारायचा ते इचार."

"राहू द्या. तुमचं मी..."

"इचार."

संघरत्नाने मोबाइलकडे पाहून विचारलं, "मिळालेले पैसे कशावर खर्च केले?"

"पंपावर. लिव. पंप मी आनला, बाकीच्यांना मी सांगला. साबन-बिबन लिवू नको."

संघरत्नाचं बोट काचेवर थांबलं. वेणूने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"तू तवा आलीवतीस," ती म्हणाली. "रस्त्यावर उबी व्हतीस. मी बगत व्हती. तीन घमेली खाली झाली तरी तू उबी. तुला माहीत व्हता, हो ना?"

"हो, मावशी."

"मंग बोल्ली का नाय?"

"पैसे तुमचे होते," संघरत्ना म्हणाली. "विहीर तुमची. मी कोण सांगणारी, असं वाटलं."

"पैसं आमचं व्हतं. इहीर आमची. पोर बी आमचीच व्हती गो." वेणूचा आवाज चढला नाही. "तुज्याकडं फक्त येक शबूद व्हता. तो तू परत घेऊन गेलीस."

संघरत्नाचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत. ती म्हणाली, "आणखी एक हप्ता येणार आहे. ह्या वेळेला मी स्वतः येऊन, सगळ्यांना बसवून, औषधाचं..."

"थांब," वेणू म्हणाली. "आदी मला येक सांग. दवाखान्यातली बाय बोल्ली, मासा घानीत जगतो. बरा. ते मला कलला. आता दुसरा सांग. त्या दवानी मासा मरतो, मंग मानूस कसा मरत नाय?"

संघरत्नाने तोंड उघडलं. किती पाण्यात किती थेंब, किती वेळ झाकून ठेवायचं, हे तिने वाड्यावाड्यांतून शंभरदा सांगितलं होतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनेही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"मला नाय माहीत, मावशी," ती म्हणाली.

वेणू तिच्याकडे बघत राहिली. राग होता तो कुठे गेला कोण जाणे.

"तुला बी नाय," ती म्हणाली. "तू शिकलेली, तुला नाय माहीत. मंग मला येकटीला कसा माहीत असनार व्हता गो?"

आणि मूल गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली, पदर तोंडात न कोंबता, शेजारच्या घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. प्रमिला आतून उठून ओट्यावर आली. ती सासूच्या शेजारी बसली, पण तिने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.